तांब्याच्या पाइपला सुईएवढं छिद्र: गळती शोधण्यापासून डाग देण्यापर्यंत

अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या जुन्या घरात राहायला गेलात की भिंतीमागचे आणि तळघराच्या छताला टांगलेले पाण्याचे पाइप बहुधा तांब्याचे निघतात. आपल्याला सवय जीआय आणि सीपीव्हीसीची. महाराष्ट्रात तांब्याची नळी दिसते ती फार तर सोलर हीटरमध्ये. म्हणून तळघरात पाइपवरून थेंब पडताना दिसला की हात आधी एपॉक्सी पुट्टीकडे जातो. गावी टाकीच्या पाइपला लावलेली पुट्टी वर्षानुवर्षं टिकलेली पाहिलेली असते, मग इथे का नाही टिकणार?

फरक दाबाचा आहे. दुमजली बंगल्याच्या गच्चीवरच्या टाकीतून खालच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा दाब पाऊण बारच्या आसपास असतो. अमेरिकेत घरात येणाऱ्या पाण्याचा दाब साधारण ४० ते ८० पीएसआय, म्हणजे पावणेतीन ते साडेपाच बार असतो. ६० पीएसआय म्हणजे ४२ मीटर उंचीवर ठेवलेली टाकी. हा दाब दिवसरात्र वरून चोपडलेल्या थराला ढकलत राहतो. आणि छिद्र बाहेरून सुईएवढं दिसलं तरी आतून तिथला पत्रा बराच रुंद झिजलेला असतो. त्यामुळे पुट्टी, टेप, रबराचा तुकडा हे सगळं रात्र काढण्यापुरतं. पक्की दुरुस्ती एकच: खराब भाग कापून काढायचा आणि चांगलं तांबं चांगल्या तांब्याला जोडायचं.

आधी खात्री करा की ही गळतीच आहे. उन्हाळ्यात गार पाण्याच्या पाइपवर हवेतली वाफ जमते आणि थेंब पडतात. पाइप कोरडा पुसा, टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा, पंधरा मिनिटांनी बघा. सगळीकडे सारखी ओल आली तर ती हवेतली, एकाच ठिकाणी डाग फुटला तर गळती. जुन्या गळतीपाशी हिरवट-निळा कळंक चढलेला असतो. पाणी सुकत राहतं आणि क्षार मागे उरतात, म्हणून थेंब दिसत नसला तरी कळंक दिसतो. तो नखाने किंवा चाकूने खरवडू नका. कित्येकदा त्या खपलीनेच छिद्र बुजलेलं असतं, आणि पाणी चालू असताना ती निघाली तर बारीक पिचकारी उडते. पाइप भिंतीत असेल तर घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा. मीटरवरचा छोटा त्रिकोण किंवा चाक फिरत असेल तर पाणी कुठेतरी चाललंय.

पाइप पाण्याचाच आहे ना, हेही नक्की करा. इंग्लंडमध्ये घरातला गॅससुद्धा १५ आणि २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपमधून येतो, दिसायला अगदी सारखा. पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो हे हाताने माग काढत बघा. माग लागला नाही तर कटर लावू नका.

पाणी बंद करणं

अमेरिकेत मुख्य व्हॉल्व्ह बहुधा तळघरात रस्त्याकडच्या भिंतीपाशी असतो, इंग्लंडमध्ये स्वयंपाकघरातल्या सिंकखाली. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. जुना गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर सावकाश फिरवा आणि शेवटी पान्याने पिळू नका. आतला दांडा तुटला तर एका गळतीच्या दोन होतात. तो पूर्ण धरत नसेल तर पाणीपुरवठा कंपनीला सांगून रस्त्यावरून पाणी बंद करून घेता येतं.

त्याआधी गीझर. विजेचा असेल तर त्याचा ब्रेकर पाडा, कारण टाकी रिकामी झाली आणि कॉइल चालू राहिली तर ती काही क्षणांत जळते. गॅसचा असेल तर पायलटवर, म्हणजे फक्त छोट्या ज्योतीवर, आणा. मग घरातला सगळ्यात वरचा नळ उघडा म्हणजे हवा आत येईल, आणि सगळ्यात खालचा उघडा म्हणजे पाणी निघून जाईल. गार आणि गरम दोन्ही बाजू उघडायच्या, कारण बेसिनच्या मिक्सरमधून एका बाजूचं पाणी दुसरीकडे येत राहतं.

रात्रीची वेळ असेल, दुकान बंद असेल, तर सायकलच्या ट्यूबचा किंवा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रबराचा तुकडा छिद्रावर ठेवून त्यावर दोन होज क्लॅम्प आवळा. क्लॅम्पचा स्क्रू छिद्राच्या विरुद्ध बाजूला ठेवा. स्क्रूपाशी पट्टा नीट बसत नाही आणि रबर उचललं जातं. मुख्य व्हॉल्व्ह अर्धवटच उघडा आणि झोपण्यापूर्वी परत बंद करा.

काय आणायचं

आधी पाइपचं माप. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. अमेरिकेतला 'अर्धा इंची' पाइप बाहेरून मोजला तर पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिलिमीटर भरतो. 'पाऊण इंची' सात अष्टमांश, म्हणजे २२.२. नाव आतल्या मापाचं, आणि बाहेरचं माप त्याहून नेहमी एक अष्टमांश इंच जास्त. इंग्लंडमध्ये मात्र १५ मिलिमीटर म्हणजे बाहेरून मोजलेले १५. म्हणून एका देशातलं कपलिंग (दोन पाइप जोडणारा नळीचा तुकडा) दुसऱ्या देशात चालत नाही. पाइपवरचा छापही वाचा. अमेरिकेत लाल अक्षरं असतील तर टाइप एम, निळी असतील तर टाइप एल. अर्धा इंची एमचा पत्रा ०.७१ मिलिमीटर जाड, एलचा १.०२. बाहेरचं माप दोघांचं एकच असल्यामुळे एम पाइपमध्ये एलचा तुकडा बिनदिक्कत जोडता येतो, आणि नवा तुकडा एलचाच घ्यावा.

कपलिंग घेताना स्लिप कपलिंग मागा. साध्या कपलिंगमध्ये मधोमध एक उंचवटा असतो, तिथे पाइप अडतो. भिंतीत घट्ट बसलेला पाइप मागेपुढे हलत नाही, त्यामुळे साधं कपलिंग तिथे चढवताच येत नाही. स्लिप कपलिंग आरपार सरकतं.

डागासाठी, म्हणजे सोल्डरिंगसाठी, बिनशिशाची तार हवी. ९५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी, किंवा कथील-तांबं असं मिश्रण चालतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची तार घरात असते, तिच्यात बहुधा शिसं असतं. पिण्याच्या पाण्याला ती अजिबात नको. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या पाइपला शिशाची तार वापरायला १९८६ मध्ये बंदी आली. त्यापूर्वीच्या घरातले जुने सांधे शिशाचे असू शकतात, तेव्हा ते घासताना उडणारी पूड श्वासात जाऊ देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

बाकी सामान: छोटा पाइप कटर, एमरी कापड, कपलिंगच्या आतून फिरवायचा तारेचा ब्रश, पाण्यात विरघळणारा फ्लक्स (कथील तांब्याला धरावं म्हणून लावायचा लेप) आणि तो लावायला छोटा ब्रश, प्रोपेनचा टॉर्च, आग न लागणारं कापड, पाण्याचा फवारा आणि अग्निशामक सिलिंडर. शेवटच्या तीन गोष्टींशिवाय टॉर्च पेटवू नये.

कापणं आणि घासणं

खिळा किंवा स्क्रू लागून पडलेलं भोक असेल आणि बाकी पाइप ठणठणीत असेल तर बरोबर भोकावर एकच काप घ्या आणि त्यावर एक स्लिप कपलिंग बसवा. काम दोन सांध्यांत होतं. पण छिद्र आतून झिजून पडलेलं असेल तर कळंकाच्या दोन्ही बाजूंना किमान दीड-दोन इंच चांगलं तांबं येईपर्यंत कापून काढा. मग नवा तुकडा, दोन कपलिंगं आणि चार सांधे.

पाइप कापताच त्यात उरलेलं पाणी सांडतं, खाली बादली ठेवा. कटर हलका आवळायचा, एक पूर्ण फेरा मारायचा, मग पाव फेरा आणखी आवळायचा. घाईने जास्त आवळलं की पाइप अंडाकार होतो आणि कपलिंगमध्ये नीट बसत नाही. कापल्यावर तोंडाशी आत वळलेली धार उरते. कटरच्या पाठीमागचं पातं किंवा गोल कानस फिरवून ती काढून टाका. ही पायरी बरेचजण गाळतात. ती धार राहिली तर पाणी तिथे भोवरे घेतं आणि सांध्याच्या पुढच्या इंच-दोन इंचात तांबं झिजवतं. काही वर्षांनी नेमकं तिथेच नवं छिद्र पडू शकतं.

नवा तुकडा दोन टोकांमधल्या अंतरापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी ठेवा. आता एमरी कापडाने घासा, पाइपचा रंग गुलाबीसर चकचकीत होईपर्यंत. स्लिप कपलिंग जुन्या पाइपवर पूर्ण मागे सरकवावं लागतं, म्हणून जुना पाइप कपलिंगच्या पूर्ण लांबीएवढा घासायचा, अर्ध्या लांबीएवढा नाही. कपलिंग आतून ब्रशने घासा. घासलेल्या जागेला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की कथील तिथे धरत नाही. पाइपवर कपलिंगच्या निम्म्या लांबीवर पेन्सिलने खूण करा, नाहीतर कपलिंग सरकवल्यावर सांधा मधोमध आला की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

फ्लक्स पातळ, सगळीकडून, ब्रशनेच लावा. जास्त लावल्याने सांधा पक्का होत नाही. उरलेला फ्लक्स वितळून पाइपच्या आत ओघळतो, तळाशी बसतो आणि तांबं खात राहतो.

पाणी पूर्ण थांबलं पाहिजे

डाग न धरण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आत झिरपणारं पाणी. कथलाची तार २३२ ते २४० अंश सेल्सिअसला वितळते. आत पाण्याचा थेंब असेल तोवर उष्णता त्याची वाफ करण्यात जाते आणि तिथलं तांबं शंभर अंशांच्या पुढे सरकत नाही. तुम्ही दहा मिनिटं जाळ धरता, फ्लक्स जळून काळा होतो, तार मात्र गोळे होऊन खाली पडते. थोडी वितळली तरी वाफ तिच्यातून बुडबुडे काढत बाहेर येते आणि सांध्यात नवीन छिद्रं ठेवून जाते.

पाणी ठिबकतच असेल तर जुना आणि खात्रीचा उपाय पांढऱ्या पावाचा. कडा काढून टाका, मऊ भागाचा घट्ट गोळा करा आणि पाइपमध्ये सांध्यापासून सहा-आठ इंच आत पेन्सिलने ढकला. तो दहा-पंधरा मिनिटं पाणी धरून ठेवतो आणि नंतर विरघळून निघून जातो. गव्हाचा भरड किंवा बियांचा पाव नको, तो नळाच्या जाळीत अडकतो. एक नळ उघडा ठेवा, म्हणजे वाफेला बाहेर पडायला वाट राहील.

डाग देणं

ज्यांनी कल्हईवाला काम करताना पाहिला आहे त्यांना हे काम अर्धं येतंच. तो भांडं भट्टीवर तापवतो, नवसागर भुरभुरतो, कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. कथील वितळतं ते भांड्याच्या उष्णतेने. इथेही अगदी तेच आहे. नवसागराच्या जागी फ्लक्स, कांडीच्या जागी तार. (नवसागर पाइपला वापरू नका. भांडं घासून धुता येतं, पाइप आतून धुता येत नाही.)

मागच्या लाकडी चौकटीवर पाण्याचा फवारा मारा, आगरोधक कापड लावा, जवळचं फायबरग्लास आणि प्लास्टिकचे पाइप बाजूला सारा. जवळ व्हॉल्व्ह असेल तर त्यावर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर आतलं रबर वितळेल.

ज्योतीतल्या आतल्या निळ्या शंकूचं टोक कपलिंगला लागेल असं धरा. आधी सांध्यालगतचा पाइप थोडा तापवा, मग कपलिंग. जाळ एका जागी धरू नका, फिरवत राहा. अर्धा इंची पाइपला प्रोपेनने सहसा अर्धं मिनिट पुरतं. फ्लक्स बुडबुडला की तार सांध्याला टेकवून बघा, पण जाळ ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला. विरुद्ध बाजू तापली असेल तर सगळा सांधा तापला आहे. तार टेकताच वितळली की जाळ बाजूला घ्या आणि तार भरा. पाइप आणि कपलिंग यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट असते. वितळलेलं कथील त्या फटीत ओढलं जातं, उभ्या पाइपमध्ये खालून वरसुद्धा. अर्धा इंची सांध्याला साधारण अर्धा इंच तार लागते, पाऊण इंचीला पाऊण इंच. सगळीकडून चकचकीत गोल कडा दिसली की थांबा. जास्त भरलेलं कथील आत गोळा होऊन पाण्याची वाट अडवतं.

एका कपलिंगची दोन्ही टोकं एकाच तापवणीत करा. टोक गार होऊन पुन्हा तापवलं की आधीचा डाग परत वितळतो आणि हलला तर भंगतो. भरून झाल्यावर निदान एक मिनिट पाइपला हात लावू नका. पाणी ओतून गार करू नका, सांध्याला बारीक चिरा जातात. आपोआप गार झाल्यावर ओल्या फडक्याने बाहेरचा फ्लक्स पुसून काढा, नाहीतर वर्षभरात तिथे हिरवा कळंक येतो आणि पुन्हा गळती आहे की काय असं वाटत राहतं.

फ्लक्स काळा पडला असेल तर सांधा जास्त तापला. तसाच पुन्हा तापवून उपयोग होत नाही. उघडा, घासा, नवीन फ्लक्स लावा, जमल्यास नवीन कपलिंग घ्या. काम संपल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तिथेच थांबा. भिंतीतल्या लाकडाच्या फटीत ठिणगी धुमसत राहते आणि आग नंतर लागते.

जाळ नकोच असेल तर

पुश-फिट कपलिंग हा चांगला पर्याय आहे. आतलं रबरी कडं पाणी धरतं, स्टीलचे दात पाइप धरतात. पाइप आत थोडा ओला असला तरी चालतो, त्यामुळे मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण धरत नसेल तेव्हा हेच सोयीचं. भिंतीतल्या पाइपसाठी इथेही स्लिप प्रकार मिळतो. पण पाइपची बाहेरची बाजू गुळगुळीत हवी. रंग, जुन्या डागाचं कथील, एमरीचे खोल ओरखडे काहीही नको. कापाची धार राहिली तर ती रबरी कडं कापते आणि कपलिंग पहिल्याच दिवशी गळू लागतं. अर्धा इंची पाइप साधारण एक इंच आत जायला हवा. आधी पाइपवर खूण करा आणि कपलिंग खुणेपर्यंत पोचलं नसेल तर जोर लावा. त्याच्या जवळ नंतर टॉर्च नेऊ नका.

इंग्लंडमध्ये कम्प्रेशन फिटिंगही सर्रास वापरतात. नट, पितळी ऑलिव्ह (पाइपवर चढवायचं कडं), मग फिटिंग. हाताने घट्ट करून त्यानंतर पान्याने साधारण एक ते सव्वा फेरा. जास्त आवळल्यास ऑलिव्ह पाइपला चेपतं आणि गळती थांबण्याऐवजी वाढते. हे सांधे बंद भिंतीत पुरू नका.

एक गोष्ट दोन्ही देशांत लक्षात ठेवा. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग तांब्याच्या पाइपला जोडलेलं असतं. पाइप कापला किंवा मध्ये प्लास्टिक अथवा पुश-फिट आलं तर ती जोडणी तुटू शकते. कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावून जाड तांब्याच्या तारेने जोडून घ्या आणि शंका असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पाणी सोडणं

नळांच्या जाळ्या काढा, नळ उघडे ठेवा आणि मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एकदम उघडल्यास हवेमुळे पाइपला हिसका बसतो. हवा निघून पाण्याची धार सलग झाली की नळ बंद करा आणि सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. मग पाच मिनिटं पाणी जोरात सोडून पावाचे कण आणि आतला फ्लक्स धुवून काढा. गरम नळातून सलग पाणी यायला लागल्यावरच गीझरचा ब्रेकर चढवा. भिंत लगेच बंद करू नका, आठवडाभर उघडी राहू द्या.

कापलेला तुकडा वाचा

काढलेला तुकडा फेकू नका. हॅकसॉने लांबीत उभा चिरून आतून बघा. तळाशी हिरवी रेघ ओढल्यासारखी दिसली तर जुन्या प्लंबरने फ्लक्स जास्त लावला होता. सांध्यापुढे घोड्याच्या नालासारखे चकचकीत खळगे असतील तर पाणी फार वेगाने वाहतं आहे. गरम पाणी पंपाने सतत फिरवणाऱ्या घरांत हे नेहमी दिसतं. लांबट चीर आणि बाहेर वळलेले ओठ म्हणजे पाइप थंडीत गोठून फुटला, मग त्या जागी इन्सुलेशन हवं. पाइप पत्र्याच्या पट्टीला घासून झिजला असेल तर पट्टीखाली रबर किंवा प्लास्टिकचं अस्तर घाला. आणि गार पाण्याच्या पाइपमध्ये चामखिळीसारखे हिरवे उंचवटे असतील, ज्यांच्याखाली खोल खड्डा आहे, तर कारण पाण्याच्या रसायनात आहे. वॉशिंग्टनजवळच्या मेरिलंडच्या उपनगरांत अशा छिद्रांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की तिथल्या पाणीपुरवठा संस्थेने २००३ मध्ये पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मिसळायला सुरुवात केली. त्याने पाइपला आतून संरक्षक थर बसतो.

बागेच्या नळाला लावायचं दाबमापक आणून दाबही मोजा, शक्यतो रात्री, कारण तेव्हा तो जास्त असतो. ८० पीएसआयच्या वर गेला तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा.

चामखिळीसारखे उंचवटे तुकड्यात एकाहून जास्त दिसले, किंवा वर्षभरात तिसरी गळती झाली, तर एकेका छिद्रामागे धावू नका, तो सगळा पाइपच बदला. त्यासाठी प्लंबरशी बोलताना हा चिरलेला तुकडा समोर ठेवा. कुठल्या भिंतीतला, गार की गरम, कोणत्या तारखेला कापला, हे त्यावर मार्करने लिहून ठेवलेलं असावं.